ताईंनी वाचलेला नियम

पक्षाच्या कार्यालयात ताई सव्वीस वर्षं बैठकांची टिपणं घेत होत्या. तेवढ्या काळात चार अध्यक्ष झाले. ताईंची खुर्ची मात्र लांब टेबलाच्या त्याच कोपऱ्यात, खिडकीकडे पाठ करून. बैठकीत कोण कुणाच्या अंगावर धावून गेलं, कुणी माइक आपटला, सगळं त्यांच्या वहीत ‘सविस्तर चर्चा झाली’ एवढ्यात मावायचं.

मास्तर पक्षाचे उपाध्यक्ष. राजकारणात येण्याआधी भूमिती शिकवायचे, म्हणून मास्तर. माणूस इतका मवाळ, की विरोधकांचं पटलं तर भर सभागृहात “बरोबर आहे तुमचं” म्हणून मोकळा व्हायचा. हा गृहस्थ कधी साहेबांविरुद्ध, म्हणजे खुद्द अध्यक्षांविरुद्ध, उभा राहील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

पण लागोपाठ दोन निवडणुका हरल्यावर एका दुपारी ते ताईंच्या टेबलापाशी आले. हातात एक कागद होता.

“ताई, एवढं टाइप करून द्याल? बाहेर द्यायचा धीर होत नाही.”

ताईंनी वाचलं. अध्यक्षपदासाठी निवडणूक घ्या, अशी मागणी होती. खाली नियमाप्रमाणे लागणाऱ्या किमान वीस सह्यांची जागा. त्यांनी कागद उलटा ठेवला.

“माणसं आहेत का तुमच्याकडे?”

“समितीतल्या साठांपैकी पस्तीस जण म्हणतात, आम्ही तुमच्याबरोबर आहोत.”

“म्हणतात,” ताई म्हणाल्या.

मास्तर कसनुसं हसले. “मलाही तीच धाकधूक आहे.”

ताईंनी टाइप करून दिलं. नाही म्हणायला तोंड उघडलं नाही, एवढंच.

त्यांची एकुलती एक लेक साहेबांच्या शाळेत शिकवत होती. नेमणूक कच्ची, दरवर्षी नव्याने व्हायची.

बावीस सह्या झाल्या आणि पत्र साहेबांकडे गेलं. दुसऱ्याच दिवशी साहेबांचे सचिव ताईंच्या समोर येऊन बसले. टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाले, “पत्र छान टाइप झालंय. एक चूक नाही.”

ताईंनी वही पुढे ओढली.

“लेक कशी आहे? यंदा तिला कायम करायचं साहेबांच्या मनात आहे. बघू या.”

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “अगं, टाइप करणाऱ्याला कोण विचारतंय?”

“विचारलं की. आजच.”

लेकीला दोघांनीही काही सांगितलं नाही.

बैठक सकाळी अकराला होती. साठ माणसं असूनही सभागृहात नुसता पंख्यांचा आवाज. रोज मास्तरांच्या खांद्यावर हात टाकणारे आज त्यांच्या बाजूची खुर्ची सोडून बसले होते. मास्तर पाचच मिनिटं बोलले. “साहेबांशी माझं वैर नाही. पण आपण असेच चालत राहिलो तर पक्ष उरणार नाही.”

साहेब शांतपणे उठले. “आपण एका घरातली माणसं. चिठ्ठ्याबिठ्ठ्या कशाला? जे मास्तरांबरोबर आहेत त्यांनी हात वर करावा. मलाही कळू दे, माझं कोण ते.”

माना खाली गेल्या. सह्या करणाऱ्यांतले दोघे तर पाणी प्यायला म्हणून उठलेच.

“साहेब,” मास्तर म्हणाले, “नियमात गुप्त मतदान आहे.”

“असं?” साहेब कोपऱ्याकडे वळले. “ताई, तुम्ही जुन्या. सांगा बरं, हात वर करून चालतं ना?”

सव्वीस वर्षांत त्या खोलीत ताईंना कुणी काही विचारलं नव्हतं. सचिव त्यांच्याकडेच बघत होते. डोळ्यांसमोर लेक आली, फळ्यापुढे उभी. नियमांचं पुस्तक त्यांच्या पुढ्यातच होतं. त्यांनी ते उघडलं, कारण पाठ असलेलं बोलण्यापेक्षा छापलेलं वाचणं सोपं होतं.

“नियम सतरा. अध्यक्षपदाचं मतदान गुप्त पद्धतीनेच होईल.” मग, कशा कोण जाणे, त्या आणखी बोलल्या, “‘च’ आहे साहेब त्यात.”

मागून कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

चिठ्ठ्या पडल्या. साहेबांना एकतीस, मास्तरांना एकोणतीस. साहेब जिंकले, पण ते एकोणतीस कोण हे त्यांना कळेना. त्या दिवसापासून ते प्रत्येक हसऱ्या चेहऱ्याकडे संशयाने बघू लागले. आठ महिन्यांनी तब्येतीचं कारण देऊन त्यांनी पद सोडलं. त्या जागी मास्तर आले नाहीत. दोन्हीकडच्यांनी मिळून तिसराच माणूस बसवला.

ताईंना बैठकीच्या दुसऱ्याच आठवड्यात तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत पाठवलं होतं. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. भीती होती ती शाळेच्या पत्राची. टपालाची चाहूल लागली की हातातलं काम गळून पडायचं. वर्ष संपलं तसं पत्र आलंच: पुढील वर्षी आपली आवश्यकता नाही.

तेव्हा कुठे त्यांनी लेकीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “नियम वाचलास त्याचा राग नाही गं. वर्षभर घाबरत बसलीस, मला कळूही दिलं नाहीस, त्याचा आहे.” तो राग पुढे महिनाभर टिकला. नंतर तिला गावाबाहेरच्या एका शाळेत काम मिळालं, दोन बस बदलून जावं लागे.

मास्तर एकदा घरी आले. तुमच्यामुळे निदान लढत तरी झाली, असं काहीबाही बोलले. ताईंनी विचारलं, “पुन्हा उभे राहाल?”

“माहीत नाही, ताई. त्या दिवशी माझे पाय लटपटत होते.”

“मला नाही दिसले,” ताई म्हणाल्या. “मी माझेच सांभाळत होते.”