देवकाबाईंचं दुखणं आणि घरचे तज्ज्ञ

आमच्या खोलीत किस्से गोळा करावे लागत नाहीत. पेशंट उठून गेला, की खुर्चीवर एक तरी राहिलेलाच असतो. घरी सांगायला गेलं तर आई म्हणते, "जेवताना नको नं बाई!" म्हणून इथे सांगते.

मी भंडाऱ्यातल्या एका दवाखान्यात समुपदेशक आहे. हिपॅटायटिस बी, म्हणजे लोकांच्या भाषेत पांढरी कावीळ, झालेल्यांना धीर देणं हे माझं काम. दार आपटलं तरी मी दचकते. धीर द्यायला नेमकी मीच कशी सापडले, देव जाणे!

यातले बरेच किस्से एकट्या देवकाबाईंचे. सानगडीकडच्या, चाळिशीच्या. आजार लिव्हरचा, पण दुखायचं अंगभर: मनगटं, कंबर, बोटांची पेरं. या आजारात असं दुखू शकतं, हे आमच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. घरच्यांनीही ते खरं मानावं, एवढंच त्यांना हवं होतं. रोवणा तोंडावर आला होता, आणि दिवसभर बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, चिखलात वाकून धान रोवणं आता त्यांच्याच्यानं होत नव्हतं.

*

डॉक्टरांनी त्यांना हाडांच्या ओपीडीत पाठवलं. तिथल्या साहेबांनी रिपोर्ट पाहिला, खुर्ची मागे सरकवली. "हे लिव्हरचं आहे. तिकडेच दाखवा!"

इकडे आल्या तर आमचे डॉक्टर सुट्टीवर, बदली डॉक्टर बसलेले. ते म्हणाले, "सांधे? मग हाडांकडे जा ना!"

जिने चढून-उतरून देवकाबाई माझं टेबल धरून उभ्या राहिल्या.

"मॅडम, लिवर अन् हाडं एकाच बाईत आहेत नं जी. आता मी अर्धी इकडे अन् अर्धी तिकडे बसू काय?"

*

एकदा त्यांचे मालक सोबत आले. मी आजार समजावत होते, तेवढ्यात त्यांनी एकदम हात वर केला. मी मागे सरकले! ते पंखा वाढवा म्हणत होते.

"हिच्या गळ्यात काविळीची माळ घातली होती मॅडम. वाढत वाढत बेंबीपर्यंत आली. कावीळ उतरली! डोळे पाहा, कसे पांढरे आहेत."

"काका, माळेचा दोरा सैल होतो म्हणून ती वाढते. विषाणू अजून रक्तात आहे. त्यानं सांधे दुखू शकतात."

"माळ तर आम्ही डोळ्यानं पाहिली. विषाणू तुम्ही पाहिला काय?"

खरंच, मी तरी कुठे पाहिला होता!

जाताना म्हणाले, "कावीळ उतरली मॅडम. आता आळस चढला."

*

तुम्हाला वाटेल, घरात त्यांना ठणठणीत मानत असतील. छे! गिलास वेगळा, ताट वेगळं, बाज वेगळी. एकत्र जेवल्यानं हा आजार पसरत नाही, हे मी सांगून सांगून थकले.

"सासूबाई रात्री म्हणते, दूर बस, तुले बिमारी आहे," देवकाबाई म्हणाल्या. "अन् सकाळी म्हणते, ऊठ, तुले काय झालं?"

मग स्वतःच हसल्या.

"बांधीत मी चांगली, जेवताना बिमार. टाइमटेबल लावून द्या नं मॅडम, माहा गोंधळ होते!"

*

दुखण्याची कुठलीही गोळी-सुई विचारल्याशिवाय घ्यायची नाही, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं. पण रोवणा सुरू झाला, आणि गावातल्या सुईवाल्याकडे बायकांची रांग लागली. सुई टोचून घ्यायची आणि बांधीत उतरायचं. देवकाबाईंनीही घेतली.

मी घाबरत विचारलं, "सुई नवीन होती ना?"

"नवीनच होती जी! माह्या आधी फक्त एकीलेच टोचली."

माझ्या हातातला पेन पडला.

"आणि तुमच्यानंतर?"

देवकाबाई बोटांवर मोजायला लागल्या.

मी डॉक्टरांकडे धावले. गावात तपासणीची गाडी गेली. रांगेतल्या बायका तपासल्या, घरोघरची माणसं तपासली.

*

देवकाबाईंच्या घरी सासूबाई पॉझिटिव्ह निघाल्या.

पुढच्या खेपेला तिघंही आले. सासूबाई मुलाच्या खांद्यावर हात टाकून. बाकावर बसल्या, पाय लांब केले.

"काय होतंय आजी?"

"अंग ठणकते वो बाई. हाड न् हाड बोलून राहिलं."

"तुमचंच खरं निघालं मॅडम," मालक म्हणाले. "या बिमारीत हाडं दुखतातच. तुम्ही तेव्हा सांगत होते, आमच्या ध्यानात आलं नाही."

मला रडूच येणार होतं. कुणीतरी मानलं!

"मायले पाण्यात हात घालू देत नाही आता. पूरा आराम!"

"आणि देवकाबाईंना?"

देवकाबाई खाली फरशीवर बसल्या होत्या. नखांत बांधीचा चिखल. सुजलेल्या मनगटांनिशी सासूबाईंच्या पोटऱ्या दाबत होत्या.

"हिले जरा समजावून सांगा मॅडम," मालक म्हणाले. "जोर लावून दाबत जाय म्हणा. बिमार माणसाले कसं दुखते, हे हिले कळतच नाही!"