वडप्याच्या गोदामातील राखणदार

पंढरीनाथ यांना किळस फार लवकर येत असे. घरची माणसे हा त्यांचा स्वभावदोष मानीत. त्यांचे स्वतःचे मत असे होते की दोष किळस येणाऱ्याचा नाही, घाण करणाऱ्याचा आहे. हॉटेलात चहाच्या कपाच्या कडेवर दुसऱ्याच्या ओठांची खूण दिसली की ते कप परत पाठवीत, आणि दुसऱ्या कपाची कडही आधी रुमालाने पुसून घेत.

या किळसेचे मूळ निजामपुरा या मागवाल्यांच्या वस्तीत होते. १९८१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते तेथील एका लूम कारखान्यात कामाला लागले. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, धोटा इकडून तिकडे धावतो आणि आडवा दोरा टाकतो. धोट्यातील दोऱ्याची कांडी संपली की नवी घालावी लागते, आणि नव्या कांडीचा दोरा धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढावा लागतो. सर्व कामगार त्या भोकाला तोंड लावून दोरा ओढून घेत. दिवसपाळीच्या माणसाने तोंड लावलेला धोटा रातपाळीचा माणूस तोंडाला लावी. त्यात कोणी तंबाखू खाणारा असे, कोणी महिनोन्महिने खोकणारा असे. पंढरीनाथ यांनी पहिल्याच दिवशी एक तार वाकवून खिशात ठेवली आणि ते तारेने दोरा काढू लागले.

"क्या तारबाबू," शेजारच्या लूमवरचा माणूस विचारी, "मुँह में सोना जड़वाया है क्या?"

"सोनं नाही, दात आहेत," ते उत्तर देत. "ते मला म्हातारपणी लागणार आहेत."

त्या कारखान्यातील एकच रिवाज त्यांना मनापासून आवडे. पाळी बदलताना तेथे लूम थांबवीत नसत. जाणारा माणूस चालत्या लूमवरून हात काढी आणि येणारा त्याच क्षणी त्यावर हात ठेवी. थांबलेले लूम सोपवणे म्हणजे कामचुकारपणा. अकरा वर्षांत पंढरीनाथ यांनी एकदाही थांबलेले लूम कोणाला सोपवले नाही, आणि याचा त्यांना अभिमान होता.

पुढे श्वासाचा त्रास सुरू झाला, तेव्हा त्यांनी लूम सोडले. संध्याकाळच्या वर्गात बसून, आपल्याहून पंधरा वर्षांनी लहान विद्यार्थ्यांबरोबर, ते संगणक शिकले. त्यांच्या वस्तीत बुद्धविहाराच्या ओट्यावर या गोष्टीची बरीच चर्चा झाली. १९९५ साली त्यांना वडपे येथील एका मालवाहतूक कंपनीच्या गोदामात नोकरी मिळाली, आणि दोन वर्षांनी ते तेथील संगणक खोलीचे सुपरवायझर झाले.

ती खोली पाहून त्यांना दररोज किळस येई. गोदामाचे व्यवस्थापक केसरीनाथशेठ हे वडप्याचेच जमीनमालक. गोदाम त्यांच्या जमिनीवर उभे होते, त्यामुळे ते कोणत्याही कोपऱ्याला आपला समजत आणि त्यात थुंकत. एका कोपऱ्यात तांबडा डाग भिंतीवर छातीइतका उंच चढला होता. त्याच कोपऱ्यापासून चार हातांवर सर्व्हर होता. सर्व्हर म्हणजे मोठा संगणक. कोणाचा माल गोदामाच्या कोणत्या खणात ठेवला आहे आणि कोणत्या ट्रकमध्ये चढणार आहे, याची यादी त्यात होती. ती यादी नसेल तर गेटपास निघत नसे, आणि गेटपास नसेल तर ट्रक हलत नसे.

सकाळी पंढरीनाथ बसत. दुपारी दोन वाजता अतिया येई. ती निजामपुऱ्यातील एका जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातील मुलगी. वडिलांनी तिला नोकरीची परवानगी सात महिने विचार करून दिली होती, आणि ती देताना सांगितले होते की बोभाटा झाला तर त्याच दिवशी घरी बसायचे. अतिया काम चोख करी आणि काका म्हणून पंढरीनाथ यांची थट्टाही करी.

"काका, तुम्ही कळफलक स्पिरिटने पुसता, ठीक. पण माऊसची शेपटी कशाला पुसता?"

"तिला कोण कोण हात लावतं ते तू पाहिलं नाहीस."

१९९८ च्या मार्च महिन्यात मुंबईच्या मुख्य कार्यालयाने कंत्राटावरचा एक इंजिनिअर पाठवला. त्याने सर्व्हरवर एक लहानसा प्रोग्राम चढवला. सर्व्हर चालू आहे की नाही, जागा किती उरली, वीज कधी गेली, हे त्या प्रोग्रामने टेलिफोनच्या तारेवरून मुंबईला कळवायचे, अशी योजना होती. इंजिनिअर त्याला एजंट म्हणे.

"एजंट?" केसरीनाथशेठ म्हणाले. "मग कमिसन किती घेतो ह्यो?"

"हा फुकट राबतो, शेठ."

"आसा एजंट म्यां जन्मात बगितला न्हाय."

इंजिनिअरच्या एका हातात वडापाव होता. दुसऱ्या हाताने तो कळफलक दाबीत होता, आणि मधूनमधून हातांची अदलाबदल करीत होता. वीस मिनिटांत त्याने काम संपवले. प्रत्येक कळेवर तेलाचा गोल ठसा उरला. पंढरीनाथ यांनी विचारले की एजंटचा पासवर्ड कोणता ठेवला. प्रोग्रामच्या डब्यातून जो तयार येतो तोच ठेवला, असे उत्तर मिळाले. हा एजंट नुसता पाहतो की हुकूमही पाळतो, असे त्यांनी विचारले. दोन्ही, असे उत्तर मिळाले. हुकूम कोण देऊ शकतो, असे त्यांनी विचारले, तेव्हा इंजिनिअरने पँटला हात पुसले आणि म्हटले, "काका, चालतंय ना? मग झालं."

पंढरीनाथ यांनी त्याच आठवड्यात केसरीनाथशेठना सांगितले की एजंट नावाच्या या राखणदाराकडे घराच्या सर्व किल्ल्या आहेत आणि त्याला कोणीही हाक मारू शकतो; हे सुधारले पाहिजे.

"मुंबैवाल्यांनी लावलाय," शेठ म्हणाले. "त्यांच्या कामात आपुन हात घालाचा न्हाय. आनि तू जरा किळस कमी कर, पंढरी. तुला सगल्यातच घान दिसतं."

जून महिन्यातील एका मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी खणांची संपूर्ण यादी सर्व्हरवरून पुसली गेली. अडतीस ट्रक फाटकाशी उभे राहिले. चार दिवसांपूर्वीची एक प्रत होती, तिच्या आधारे हमालांनी खण मोजून काढले, आणि पहिला ट्रक बुधवारी सकाळी हलला. सर्व्हरच्या नोंदीत लिहिले होते: सुपरवायझर या नावाने यादी पुसली. परंतु तीन वाजून दहा मिनिटांनी सुपरवायझर घरी जेवत होते. खुर्चीवर अतिया होती.

"म्यां काय करू?" केसरीनाथशेठ म्हणाले. "खुर्चीवर पोरगी होती. मुंबैला नाव पायजे. शुक्रवारी कागद पाठवाचा हाय."

अतिया रडली नाही. तिने ओढणीचे टोक बोटाला इतके घट्ट गुंडाळले की बोट पांढरे पडले. "काका, मी त्या यादीला हातही लावला नाही. पण घरी हे कोण ऐकेल? अब्बा म्हणतील, कागदावर नाव आलं ना, बस घरी."

"कागद शुक्रवारी जाणार आहे," पंढरीनाथ म्हणाले. "आज बुधवार आहे."

एजंट स्वतःची एक निराळी नोंद ठेवीत असे. ती इंग्रजीत होती आणि कोणी कधी उघडली नव्हती. पंढरीनाथ यांनी शब्दकोश शेजारी ठेवून ती ओळ ओळ वाचली. मंगळवारी तीन वाजून आठ मिनिटांनी टेलिफोन आला होता. पासवर्ड बरोबर होता. हुकूम होता: यादीच्या फायली साफ करा. त्यांनी मुंबईला इंजिनिअरला फोन लावला.

"मंगळवारी दुपारी?" इंजिनिअर म्हणाला. "थांबा. मी भायखळ्याच्या एका गिऱ्हाइकाचं मशीन साफ करत होतो. नंबर चुकला असेल."

"नंबर चुकला, तरी आमचं दार उघडलं कसं?"

"सगळीकडे एकच पासवर्ड आहे ना. लक्षात ठेवायला बरं पडतं."

"सगळीकडे म्हणजे किती ठिकाणी?"

"चाळीसेक."

पंढरीनाथ यांना निजामपुऱ्यातील धोटा आठवला. चाळीस घरांनी एकाच धोट्याला तोंड लावले होते. त्यांनी रिसीव्हर कानापासून थोडा दूर धरला.

"पण एक सांगू का," इंजिनिअर पुढे म्हणाला, "माझा एजंट स्वतःहून काही पुसू शकत नाही. मशीनवर ज्या नावाने कोणी आत शिरलेलं असतं, म्हणजे जे नाव उघडं असतं, त्याचाच अधिकार त्याला मिळतो. तुमच्याकडे सर्वांत मोठं नाव उघडं राहिलं होतं. भायखळ्याला तसं नाही, तिथे शिफ्ट संपली की नाव बंद करतात. तेव्हा मुंबईत मी हेच सांगणार, की चूक तुमच्या माणसाची."

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. संगणक खोलीत पाळी बदलताना नाव बंद न करण्याचा नियम पंढरीनाथ यांनीच घातला होता. ते सकाळी सुपरवायझर या नावाने सर्व्हर उघडीत आणि दोन वाजता चालता सर्व्हर अतियाच्या स्वाधीन करून उठत. तिला स्वतःचे, कमी अधिकाराचे, लहान नाव होते, परंतु ते उघडण्याची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. पहिल्या दिवशी तिने बंद करण्याविषयी विचारले होते, तेव्हा त्यांनी तिला मोठ्या गौरवाने निजामपुऱ्यातील रिवाज सांगितला होता. आपण अकरा वर्षे तारेने दोरा काढला, आणि येथे आपलेच तोंड उघडे ठेवून घरी जेवायला गेलो, हे त्यांना त्या क्षणी समजले. आजवर त्यांना पुष्कळ लोकांची किळस आली होती. स्वतःची कधी आली नव्हती. ती अधिक वाईट होती, कारण तिच्यापासून उठून दुसरीकडे जाऊन बसता येत नव्हते.

गुरुवारी सकाळी ते केसरीनाथशेठच्या पुढे उभे राहिले.

"शेठ, कागदावर माझं नाव घाला."

"का? तू तं घरी व्हतास."

"मी घरी होतो आणि माझं नाव इथे उघडं होतं. ते बंद करणं माझं काम होतं. मी केलं नाही, आणि तिलाही करू दिलं नाही. टेलिफोन मुंबईहून आला, त्याची ही नोंद. पोरीचा यात काहीही दोष नाही."

शेठनी तंबाखू मळणे थांबवले. "न्हाय बोलला आसतास तं तुला कोन इचारणार व्हता?"

"कोणीच नाही. म्हणून तर बोलतोय."

"सुपरवायझरी जाईल तुजी."

"जाऊ द्या. एक मात्र करा. तो राखणदार मला दुरुस्त करू द्या. तसं कागदात लिहा."

शेठ कोपऱ्यात थुंकले आणि त्यांनी कागद पुढे ओढला.

मुंबईचे उत्तर सोमवारी आले. अतिया कामावर राहणार होती, आणि सुपरवायझरचे नाव तिच्याकडे जाणार होते. पंढरीनाथ यांना शनिवारपासून सुपरवायझर पदावरून खाली आणले होते, आणि त्याआधीच्या पाच दिवसांत त्यांनी राखणदार दुरुस्त करावा, अशी मुदत होती.

ते पाच दिवस त्यांनी आयुष्यातील सर्वांत काळजीपूर्वक काम केले. प्रथम त्यांनी एजंटसाठी एक निराळे नाव तयार केले. या नावाला फक्त पाहण्याचा अधिकार दिला. लिहिण्याचा नाही, पुसण्याचा नाही. खोलीत कोणाचे नाव उघडे आहे याच्याशी त्याचा संबंध राहू नये म्हणून, सर्व्हर सुरू होताच एजंटने आपल्याच नावाखाली सुरू व्हावे, अशी व्यवस्था केली. मग डब्यातून आलेला पासवर्ड काढून टाकला आणि नवा ठेवला, जो कोणाच्या मुलाचे नाव नव्हता आणि कोणत्याही ट्रकचा क्रमांक नव्हता. हुकूम स्वीकारण्याची सोय संपूर्ण बंद केली. शेवटी सर्व्हरला टेलिफोनच्या तारेशी जोडणाऱ्या मोडेमला असे शिकवले की कोणीही फोन केला तरी उत्तर द्यायचे नाही. फोन ठेवून द्यायचा आणि आपण होऊन मुख्य कार्यालयाच्या एकाच नंबरवर परत लावायचा. प्रत्येक बदल त्यांनी वहीत तारीख घालून लिहिला. अतिया शेजारी बसून इंग्रजी पुस्तिका वाचून दाखवी आणि ते करीत.

शुक्रवारी इंजिनिअर आला. त्याच्या हातात एक वही होती, तीत चाळीस गिऱ्हाइकांची नावे होती.

"नवीन पासवर्ड सांगा, लिहून घेतो."

"नाही," पंढरीनाथ म्हणाले.

"अहो, मी लावलाय तो एजंट."

"म्हणूनच नाही."

इंजिनिअरने शेठकडे पाहिले. शेठ म्हणाले, "ह्यो तं मलापन सांगत न्हाय. लिफाफ्यात घालून लाखेचं सील मारलंय, त्यो कपाटात हाय. च्या घे आनि जा."

मुदत संपली. शनिवारी दोन वाजता सुपरवायझरचे नाव अतियाच्या ताब्यात गेले आणि पंढरीनाथ यांना लहान नाव मिळाले. त्या लहान नावाने ते सर्व्हरसमोर बसले. आपणच बसवलेली व्यवस्था आपण मोडू शकतो का, हे पाहिल्याशिवाय त्यांना घरी जाववेना. त्यांनी राखणदाराची फाईल उघडू पाहिली. पडद्यावर आले: परवानगी नाही. त्यांनी पासवर्ड बदलू पाहिला. परवानगी नाही. एजंट थांबवू पाहिला. परवानगी नाही.

अतिया मागे उभी राहून वाचत होती. "काका, तुम्हालासुद्धा नाही?"

"मलासुद्धा नाही."

"वाईट वाटलं?"

"सकाळी वाटत होतं," ते म्हणाले, आणि आपले लहान नाव बंद करून, पडदा काळा झाल्याची खात्री करून, खुर्चीवरून उठले.