सावड आणि वीस तास

पानशेतच्या अंगाला माझ्या मावशीचं गाव आहे. तिथं भातलावणी सावडीनं होते. आज तुमच्या खाचरात आम्ही, परवा आमच्यात तुम्ही. मजुरी नाही, लिहून ठेवणं नाही. पण घेतलेला दिवस परत केला नाही, तर पुढच्या लावणीला त्या घराकडे कुणी फिरकत नाही.

मावशीची मुलगी, माझी ताई, या सावडीतच वाढली. गेल्या वर्षी ती पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेली. शिकता शिकता एका भाजीच्या दुकानात काम करते. तिच्या व्हिसावर, कॉलेज चालू असताना, आठवड्याला वीसच तास काम करता येतं. ओलांडले तर व्हिसा जाऊन परत यावं लागेल, हे तिनं आम्हाला जाण्याआधीच सांगितलं होतं.

एका गुरुवारी मी मावशीकडे असताना तिचा फोन आला. मी आलेय असं सांगून मावशीनं मोबाईल स्पीकरवर टाकला.

"तूच पाहिजे होतीस, पत्रकवाल्या बाई," ताई म्हणाली. "एक सांग. मागं मला ताप होता तेव्हा केनियाच्या मैत्रिणीनं माझी रविवारची शिफ्ट केली. आता तिची सोमवारी परीक्षा आहे, तर या रविवारी तिचे सहा तास मी करणार. शनिवारपर्यंत माझे वीस भरतायत. पण मी पैसे घेणारच नाही. सावड ती. मग ते काम धरतील का?"

मी भोरात पत्रकं वाचत वाढले. वडील जयंतीला पुस्तिकांचा स्टॉल लावतात. कामाचे तास, मजुरी, संघटना यांवरच्या पुस्तिका मी गोष्टींसारख्या वाचल्या. त्यामुळे उत्तर ओठावरच होतं. "मजुरी नाही तिथं नोकरी नाही. कायदा मजुरीला लागतो, मैत्रीला नाही. बिनधास्त जा!"

ताईनं हुश्श केलं. मावशी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वाचलंस का कुठं, का असंच?"

मी वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भोरला एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मी ब्रिटिश सरकारच्या साइटवरचा तो नियम छापून घेतला आणि तिथंच बाकावर वाचला. त्यात चूक काढायचीच, असं ठरवून वाचला. तिसऱ्या पानावर थांबले. काम पगारी असो वा बिनपगारी, तास धरले जातात. आठवडा सोमवारी सुरू होतो आणि रविवारी संपतो. या आठवड्यात जास्त, पुढच्यात कमी, असं चालत नाही.

मला राग यायला हवा होता. आला कुतूहलाचा झटका. बिनपगारी काम का धरलं असेल? मग वाटलं, धरलं नसतं तर दुकानदारानं वीस तासांनंतर फुकट राबवून घेतलं असतं. हे तर आमच्याच पुस्तिकेतलं वाक्य! धर्मादाय संस्थेसाठी स्वेच्छेनं केलेली सेवा मात्र तासांत धरत नाहीत. मग नोकरी कुठं संपते आणि सेवा कुठं सुरू होते? आणि वीसच का, अठरा किंवा पंचवीस का नाहीत? ते कुठल्याच पानावर नव्हतं. मी मागची बाजूसुद्धा पाहिली.

संध्याकाळी मावशीकडे जाऊन ताईला फोन लावला. "मी चुकले. रविवारी जाऊ नकोस."

ती एकदम उसळली, "तिनं माझ्या रानात उतरायचं, आणि मी बांधावर उभी राहू व्हय? तिला काय तोंड दाखवू?"

"तोंडच दाखवायचं," मावशी म्हणाली. "आमी काय करतो? दिस चुकणार असंल तर निरोप धाडत न्हाई. सोता दारात जातो, आदल्या दिशी. दुसरा दिस मागून घेतो. त्यात कसली लाज गं?"

ताई शनिवारी सकाळी मैत्रिणीच्या खोलीवर गेली. नियमाचं पान दाखवलं. मैत्रीण आधी चिडली, मग तिनं ते दोनदा वाचलं. दोघी दुकानदाराकडे गेल्या. त्यानं रविवारी तिथलीच, तासांची अट नसलेली एक मुलगी लावली. पुढच्या आठवड्यात ताईनं आपली बुधवारची सहा तासांची शिफ्ट सोडली आणि मैत्रिणीचा रविवार घेतला, दुकानदाराच्या तक्त्यावर लिहून. सोमवार ते रविवार, वीसच तास.

त्या रविवारी कामावरून सुटल्यावर तिचा फोन आला. आवाज मोकळा होता. "आई, तिच्या गावातपण सावड असते! तिनं शब्द सांगितला, पण मला म्हणता येईना. तीपण बिनपगारी काम धरत नाहीत असंच समजत होती."

"तिथं काय लावत्यात? भात?" मावशीनं विचारलं.

"मका."

मावशीनं माझ्याकडं पाहिलं. "मक्याला कशाला लागतंय गं एवढं माणूस? इचार तिला."