हादरा बसला की फोन

मी इंग्लंडला निघाले त्या सकाळीही हादरा बसला होता. टॅक्सी दारात उभी, बॅगा ओट्यावर, आणि आई आत सुक्या बोंबलांची पिशवी अजून एका प्लास्टिकमध्ये गुंडाळत होती. तेवढ्यात जमिनीखालून घरघर आली, मांडणीवरची ताटं वाजली आणि आमची सगळी आळी अंगणात आली. त्यामुळे मला निरोप द्यायला कुणाला वेगळं बोलवावं लागलं नाही. शेजारच्या जयश्रीवहिनी तर हातात लाटणं घेऊनच उभ्या होत्या. टॅक्सीवाला उंबरगावचा. तो म्हणाला, "बसा बेन, हे तर रोजचंच हाय." आईने पिशवी माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, "पोचलीस की फोन कर." हादऱ्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

तुम्ही जे तिकडेच राहिलात, त्यांना तलासरी-डहाणूचे हादरे मी काय सांगणार? कित्येक रात्री आपण अंगणात ताडपत्रीखाली काढल्या. लोकांनी दाराला कडी लावणं सोडून दिलं, पटकन बाहेर पळता यावं म्हणून. माझी आई पाड्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. तिने तेव्हा वर्ग आंब्याखाली भरवला आणि पाढे घेतले. बाबा रेल्वेत होते, डहाणू रोडला. ते गेल्यावर आई माहेरी सरावलीला जाऊन राहू शकली असती, मामा बोलवत होता. पण निवृत्त झाल्यावरही ती तलासरीच्या घरातच राहिली. भिंतीला तडा गेला तर म्हणाली, "तडा गेलाय, भिंत आहे ना अजून?" अशी ती बाई. तिची मुलगी इतकी घाबरट कशी निघाली, हे तिला आजही कळलेलं नाही.

प्रेस्टन हे इंग्लंडच्या उत्तरेकडचं एक मध्यम शहर. मी इथे बिस्किटांच्या कारखान्यात, तपासणीच्या खोलीत काम करते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पहिल्याच आठवड्यात मी गुजरातीत कोथिंबीर मागितली. दुकानातल्या मावशींनी विचारलं, "क्यांनां तमे?" मी डहाणू म्हटलं. "तो तो आपणां ज!" म्हणजे मग आपल्यातलीच. त्या वलसाडच्या. त्या दिवशी मला वाटलं, झालं, जमलं आपलं. पण दुकानात माणूस किती वेळ उभा राहणार? कोथिंबिरीची जुडी घेऊन घरी यायचं, एका माणसाचा भात लावायचा आणि खिडकीबाहेरच्या ओल्या विटा बघत जेवायचं. शनिवार-रविवारी माझ्या तोंडून एक शब्द निघायचा नाही. सोमवारी कामावर पहिलं वाक्य बोलताना आवाज घोगरा यायचा.

इथली जमीन अजिबात हलत नाही. तरी मीच हलायला लागले. मी फोनवर भूकंपाची सूचना देणारं अॅप घेतलं होतं. ते टुणकन वाजलं की माझ्या छातीत धडधड सुरू. कामावर असले तर हातातलं टाकून बाहेर पळायची आणि आईला फोन लावायची. "आहे गं मी. भांडी वाजली, बाकी काही नाही." ते ऐकलं की जिवात जीव यायचा. पण तो टिकायचा जेमतेम संध्याकाळपर्यंत. मग वाटायचं, हा छोटा होता, मोठा यायचाय. पुन्हा फोन. पुढे पुढे अॅप न वाजताही मी फोन करू लागले. आईने उचलला नाही तर जयश्रीवहिनींना, त्यांनी नाही उचलला तर त्यांच्या मुलाला. सगळे वैतागले असतील, पण कुणी बोललं नाही. दरम्यान माझी झोप गेली, जेवण गेलं. सुटीच्या दिवशी अंघोळ करायचंही होईना. अंथरुणात पडून मी छताकडे बघत राहायची आणि कशासाठी उठायचं, ते मला आठवायचं नाही.

शेवटी एकदा कामावर छातीत कळ आली आणि मी खालीच बसले. मला वाटलं, हृदयविकार. तपासण्यांत हृदय ठणठणीत निघालं. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, चिंतेचा आजार आहे आणि सोबत नैराश्यही. वाटा दोन आहेत, गोळ्या किंवा बोलून करायचे उपचार. दोन्ही एकत्रही चालतात. तुम्हाला काय वाटतं?

मला काय वाटतं! आपल्याकडे डॉक्टर कधी असं विचारतात का? अशक्तपणा म्हटलं की एक सलाईन, एक लाल इंजेक्शन, आणि घरी. आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "गोळ्या नको घेऊस हं. तसल्या गोळ्या लागल्या की सुटत नाहीत." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि परक्या बाईला घरातलं काय सांगणार तू?" म्हणजे दोन्ही वाटा बंद. मी बोलण्याची वाट धरली, कारण गोळी घेणं म्हणजे हरणं, असं माझ्याही डोक्यात पक्कं बसलं होतं.

नंबर लागायला बरेच महिने गेले. हेलन नावाची बाई, दर आठवड्याला तासभर, लॅपटॉपवर. मला वाटलं होतं ती माझं बालपण विचारेल. तिने विचारलं, हादरा बसला की तुम्ही काय करता? फोन करता. मग बरं वाटतं? वाटतं. किती वेळ? संध्याकाळपर्यंत. ती म्हणाली, प्रत्येक फोन तुमच्या भीतीला सांगतो की तुझं बरोबर होतं, फोन केला म्हणून आई वाचली. म्हणून अभ्यास असा: अॅप वाजलं तरी लगेच फोन नाही. आधी चहा करायचा, तो संपेपर्यंत थांबायचं. मग थांबण्याचा वेळ वाढवत न्यायचा.

ऐकायला सोपं आहे. तो चहा करताना माझ्या हातून कप फुटला. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि चहा अर्धा सिंकमध्ये ओतून फोन लावला. असं बऱ्याचदा झालं. दर आठवड्याला हेलनसमोर अभ्यास न केलेल्या मुलीसारखी बसायची. शेवटी तीच म्हणाली, गोळीचा पुन्हा विचार कराल का? मी रडले. आईला न सांगता गोळी सुरू केली. पहिले काही दिवस वाईट गेले, मळमळ आणि आणखीच धास्ती. मग हळूहळू धडधडीचा जोर ओसरला. मला चारचौघांसारखी झोप लागली. गोळी की बोलणं, या वादात कुणाची बाजू घ्यायची असेल तर माझा अनुभव एवढाच आहे: गोळीने चहा संपेपर्यंत उभं राहता आलं, पण फोनकडे जाणारा हात गोळीने थांबवला नाही. तो मलाच थांबवावा लागला. दुसऱ्या कुणाचं वेगळं असेल.

आणि मी थांबवला. अॅप काढून टाकलं. फोन बंद झाले. मी कामावर हसायला लागले, शेजारणीबरोबर बागेत फिरायला जायला लागले. हेलन खूश, डॉक्टरीणबाई खूश. मी तर स्वतःवर इतकी खूश की आपण किती दिवसांत आईशी बोललो नाही, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

मग एका रविवारी आईचाच फोन आला. "आज चांगलाच बसला गं. कपाटावरचा डबा खाली आला." मी गॅस बारीक केला आणि श्वास घेतला. एकदाच विचारलं, "बरी आहेस ना?" ती म्हणाली, "हो." मी म्हटलं, "मग ठेवते, भाजी लागेल." ती म्हणाली, "बरं." मी ठेवला आणि स्वतःची पाठ थोपटली. आपण पास झालो!

त्याच आठवड्यात जयश्रीवहिनींचा फोन आला. त्यांच्या मुलाला इकडे शिकायला यायचं होतं, त्याची चौकशी. बोलता बोलता मी म्हटलं, रविवारचा हादरा मोठा होता म्हणे. "हादरा? कुठे?" वहिनी म्हणाल्या. "महिना झाला, इथे एकदम शांत आहे."

त्यांची आणि आमची भिंत एक आहे. आमच्याकडे डबा पडला तर तो त्यांच्याकडे ऐकू येतो.

जन्मभर पोरांना खोटं बोललं म्हणून अंगठे धरून उभं करणारी माझी आई. तिला हादरा बनवावा लागला. आमच्या घरात "मला एकटं वाटतं" असं कुणी म्हणत नाही. ते म्हणायची रीतच नाही. मुलगी हादऱ्याच्या धास्तीनेच फोन करते, एवढंच तिने वर्षभर पाहिलेलं. आणि पुढे पुढे तर हादरे बसत होते, तरी फोन येत नव्हता.

हेलनला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आई जिवंत आहे का, हे विचारणं बंद करा, एवढंच मी सांगितलं होतं. आई कशी आहे, हे विचारणं नाही. मला याचा राग आला. तिच्यावर नाही, आई आणि मी, आम्हा दोघींवर. आमच्यात त्या एका प्रश्नाखेरीज दुसरं बोलणं उरलंच नव्हतं, म्हणून तो बंद केला तर सगळंच बंद झालं. गोळी माझी, अभ्यास माझा, बरी झाले मी. तिकडे कडी न लावलेल्या दारामागे ती एकटी, आणि तिला कुणी विचारणारं नाही की तुम्हाला काय वाटतं.

मंगळवारी जेवणाच्या सुटीत मी फोन लावला. तिकडे तिची चहाची वेळ. पहिल्या रिंगला उचलला. "काय झालं?"

"काही नाही."

"अगं, काय झालं सांग. नोकरी गेली का?"

"काही झालं नाही आई. सहज केला."

मला खरंच सुचेना काय बोलावं. मग मी म्हटलं, "मी गोळ्या घेते. बऱ्याच महिन्यांपासून. त्याने बरं वाटतं मला." ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "जेवल्यावर घेतेस ना?" मग वर्गात एखादं पोर बोलतं तशा बारीक आवाजात म्हणाली, "त्या दिवशी हादरा नव्हता गं."

"माहीत आहे मला."

"तू काही बोलली नाहीस."

"तूही नाही बोललीस."

जे माझ्यासारखे निघाले, त्यांना मी एवढंच सांगेन की परत जाऊन हे भरून निघत नाही. मी गेल्या वर्षी जाऊन आले. दोन दिवसांनी तिथेही एकटंच वाटलं, आणि इथे परतल्यावर इथेही. प्रेस्टनची ही खोली मला अजून आपली वाटत नाही. घर म्हणून माझ्याकडे आता आहे ती त्या चहाच्या वेळेची अर्धी-पाऊण घटका, ज्यात कधी चिकू महाग झाल्याचं बोलणं असतं आणि कधी काहीच नसतं.

त्या मंगळवारी सुटी संपत आली तेव्हा मी म्हटलं, "चल, ठेवते." आई म्हणाली, "उद्या कर." आणि मी ठेवायच्या आत घाईघाईने म्हणाली, "काही झालं नाही तरी कर. मला फार एकटं वाटतं गं."