वहिनींना न सांगितलेलं वाक्य

आमच्या इंग्लंडातल्या वॉटफर्डच्या मराठी मंडळात मला सगळे डॉक्टरकाका म्हणतात. मान देतात. आता जे सांगणार आहे ते माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हतं – ती जाईपर्यंतही नाही.

नीरज माझा पुतण्या. दादा अकाली गेला तेव्हा तो शाळेत होता. सोळाव्या वर्षी त्याच्या बोटांना कंप सुटला, चालताना तोल जाऊ लागला, कालचं आज आठवेना. वहिनींचं इंग्रजी दुकानापुरतं, म्हणून हॉस्पिटलमध्ये दुभाषा म्हणून मी गेलो. दुसरं कोण जाणार – घरातला डॉक्टर मीच ना?

पण खरं सांगू? मला आधीच कळलं होतं. ओठांभोवतीचे फोड, लाल डोळे, जॅकेटला येणारा ग्लूचा उग्र वास – मला काय दिसलं नव्हतं? ॲलर्जी म्हणून मलम दिलं होतं मी.

मेंदूतज्ज्ञ बाईंनी त्याला सरळ विचारलं. खाली मान घालून, भराभर इंग्रजीत त्यानं कबूल केलं – ग्लू हुंगतो, थिनरही. बाई माझ्याकडे वळल्या. आईला नीट समजावा, म्हणाल्या: या वाफेने मज्जातंतूंवरचं आवरण झिजतं, कान जातात, मूत्रपिंडं बिघडतात, एखाद्या दिवशी हृदयही थांबतं. आज बंद केलं तर काही भरून येईल. पुढे नाही.

"काय म्हणतायत हो, भाऊजी?" वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

आणि मी – माझ्या मुलीचं लग्न ठरत होतं. नशा करणारा मुलगा, आमच्या घरात, आमच्या आडनावाचा? मी म्हणालो, "नसांचा आजार आहे. आनुवंशिक. तुमच्या वडिलांचा हात कापायचा ना?"

त्यांचा चेहरा उतरला. "हो हो. चहाची बशी धरता यायची नाही अप्पांना."

किती सोपं गेलं.

कार पार्कमध्ये नीरज पुटपुटला, "थँक्स काका. यू आर अ लेजंड." मी त्याला दटावलं – आता पुरे, कळलं ना? – आणि माझं कर्तव्य संपलं. पुढच्या अपॉइंटमेंट्सनाही मीच जायचो. वहिनी त्याला आजारी समजून जपत राहिल्या. घरामागच्या बागेतल्या शेडमध्ये तासन्‌तास एकटा बसला, तरी आराम करतोय म्हणून हाक मारायच्या नाहीत. त्याच्यावर लक्ष ठेवायला हवं, हेच त्यांना माहीत नव्हतं. तो हुंगत राहिला.

आता तो पंचेचाळिशीचा आहे. वॉकर धरून चालतो, घरचा पत्ता विसरतो. "माहेरचं दुखणं आणलंत हो," असं आमच्याच लोकांनी वहिनींना ऐकवलं, तेव्हा मी समोर बसून चिवडा खात होतो.

गेल्या हिवाळ्यात वहिनी गेल्या. आदल्या दिवशी नीरजचा हात धरून म्हणाल्या, "माफ कर रे राजा. माझ्या रक्तातलं आलं तुला."

"कशाबद्दल, आई?" त्यानं विचारलं. अगदी मनापासून – हुंगण्याची ती वर्षं त्याच्या डोक्यात उरलेलीच नाहीत. त्या खोलीत खरं ठाऊक असलेला मी एकटा होतो.

मी वहिनींची उशी नीट केली.