दत्ताभाऊंचं खाकरणं

आमच्या गाण्याच्या पार्टीला आता कार्यक्रम मिळत नाहीत, त्यामुळे भेटलो की किस्सेच निघतात. वीस वर्षांत एवढे साठलेत राव, की एकदा सुरू झाले की दुपार जाते. पूर्वी सांगताना हसू आवरायचं नाही. हल्ली मध्येच कुणीतरी चहा सांगायला उठतं.

पार्टी म्हणजे तिघंच. मी कीबोर्डवर, आकुर्डीत गॅरेज चालवणारे शकीलभाई ढोलकीवर आणि गायला दत्ताभाऊ. मी आणि दत्ताभाऊ चाकणला एकाच कंपनीत, शिफ्ट सांभाळून गाणंबजावणं करणारे.

*

दत्ताभाऊ गाण्याआधी दोनदा खाकरायचे, मगच सूर लावायचे. संत तुकाराम नगरातल्या त्यांच्या घरी प्रॅक्टिस असली, की ते खाकरणं ऐकून वहिनी न सांगता कोमट पाण्याचा ग्लास घेऊन यायच्या.

एकदा कंपनीच्या गॅदरिंगला त्यांचा माईक चुकून चालू राहिला. मॅनेजरसाहेबांचं भाषण रंगात आलेलं आणि मागून स्पीकरवर दोनदा खणखणीत खाकरणं. साहेबांना वाटलं, आवरा म्हणतायत. भाषण तिथंच संपलं! पुढे कितीतरी दिवस कामगार दत्ताभाऊंना वाटेत थांबवून हात मिळवत होते.

*

सेफ्टी वीकचं गाणं दरवर्षी आम्ही करायचो. हेल्मेट, हातमोजे, सगळं चालीत बसवायचो. मग एका वर्षी एचआरच्या मॅडमनी मोबाईलमध्ये चार ओळी टाइप केल्या आणि चहा निवायच्या आत गाणं तयार. एआयनं केलेलं. खरं सांगतो, चाल चांगली होती. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मॅडम स्वभावानं चांगल्या. म्हणाल्या, गाणं वाजेल तेव्हा तुम्ही वाद्यं घेऊन स्टेजवर उभे राहा, फोटो छान येईल.

शकीलभाईंनी ढोलकीची खोळसुद्धा काढली नाही. म्हणाले, "गाणं त्याचं, तर फोटोही त्याचाच काढा." आणि खाली उतरले.

*

पण त्याच शकीलभाईंना मी एकदा रडताना पाहिलंय. त्यांच्या वडिलांच्या ढोलकीची एक जुनी कॅसेट होती, नुसता गर्दीचा गोंगाट. मी ती कॉम्प्युटरला दिली. एआयनं गर्दी बाजूला केली आणि वडिलांची थाप अगदी मोकळी काढून दिली.

शकीलभाईंनी तीनदा ऐकली. मग डोळे पुसत म्हणाले, "आज याला शिव्या देणार नाही. उद्यापासून देईन."

*

पुढं दत्ताभाऊंच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून ते मुलीच्या जुन्या पाटीवर लिहून बोलतात.

त्या वर्षी खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा होती. मॅडम लॅपटॉपवर एआयची आरती लावणार, तेवढ्यात जुने फोरमन आडवे आले. "मॅडम, आज मशीन चालवायचं न्हाई. त्यो बी मशीनच हाय."

झालं! लॅपटॉपला हळदकुंकू लागलं, वर झेंडूचं फूल बसलं आणि तो बंद झाला. मग वाद्यांसकट पूजेला आलेल्या आम्हाला पुढं बोलावलं. मी सूर धरला, शकीलभाईंनी ठेका धरला. गायला कुणीच नव्हतं. दत्ताभाऊ पहिल्या रांगेत बसून टाळ्यांनी ताल देत होते.

*

ते बघवेना. माझ्याकडे त्यांच्या प्रॅक्टिसची वर्षानुवर्षांची रेकॉर्डिंग पडून होती. त्यांना न विचारताच मी ती सगळी एआयला दिली, घाईत काहीही न कापता. त्यांच्या आवाजात एक नवं गाणं करून घेतलं. त्यांनी हो म्हटलं असतं, तर त्या आवाजावर पार्टी पुन्हा उभी राहिली असती. माझा हेतू वाईट नव्हता, पण आधी विचारायला हवं होतं.

रविवारी सकाळी मी आणि शकीलभाई त्यांच्या घरी गेलो. दत्ताभाऊ मांडीवर पाटी घेऊन बसले होते. आत वहिनींचा स्वयंपाक चालला होता. मी लॅपटॉप उघडून गाणं लावलं.

आधी दोनदा खाकरणं आलं. सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये होतं, म्हणून एआयनं तेही उचललं होतं. मग सूर लागला, हुबेहूब दत्ताभाऊंचा.

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. वहिनी कोमट पाण्याचा ग्लास घेऊन दारात आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे. ग्लास कुठं ठेवावा ते त्यांना कळेना.

मी गाणं बंद केलं. दत्ताभाऊंनी हात पुढे करून ग्लास घेतला, सगळं पाणी प्यायले. मग पाटीवर लिहिलं आणि ती माझ्यापुढं धरली.

"गाणं पुसून टाक. खाकरणं तेवढं हिच्या मोबाईलवर दे."