बुरुजाची ज्योत

तंजावूरच्या कोटाचा आमच्या गल्लीमागचा बुरूज पावसानं ढासळला, असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं आहे. नव्वदच्या सुमारास घर बांधताना त्याचे दगड मीच काढून आणले, भिंतीत बसवले आणि वर गिलावा करून लपवले.

त्या बुरुजापाशी माझी काकू दर अमावास्येला, त्याच्या दगडांत राहणाऱ्या मुनी या राखणदार देवाला दिवा लावी. घर झाल्यानंतरच्या पहिल्या अमावास्येला, भर दुपारी, ती पेटता दिवा घेऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात आली. वारा नव्हता, तरी ज्योत भिंतीकडं वाकली होती.

“काकू, इथं कशाला?”

“मी कुठं आले रे? ही वाकली तिकडं चालले.”

तिनं दिवा भिंतीशी ठेवला. ज्योत सरळ झाली.

“राहू दे मुनीला इथं. भाडं मागू नकोस हो!”

तेव्हापासून त्या भिंतीकडं पाठ करून मी जेवलेलो नाही.